नवमीचं ताट

१

उभा जन्म दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी तपासण्यात घालवल्यावर दीनानाथांना म्हातारपणी एकदाचं घर मिळालं. ते क्राइस्टचर्चच्या पश्चिमेला, उघड्या माळावर होतं. मातीच्या भिंतींचं होतं, दीडशे वर्षांहून जुनं होतं, आणि त्यात राहणारी माणसं केव्हाच मरून गेलेली होती. पुण्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला यापेक्षा सोयीचा शेजार मिळाला नसता. मेलेली माणसं फेरफारासाठी खेटे घालत नाहीत.

अर्थात घर त्यांच्या मालकीचं नव्हतं. वसाहतीच्या पहिल्या काळातलं एक घर म्हणून एका हौशी समितीने ते जपलं होतं, आणि बुधवारी व शनिवारी ते उघडणं, झाडणं आणि येईल त्याला दाखवणं हे दीनानाथांचं बिनपगारी काम. ग्लेनिस नावाच्या बाई त्यांना रिकार्टनहून आपल्या गाडीत घेऊन जात. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, गुडघे त्याहून जुने, आणि बोलणं मात्र अखंड. रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या तिकिटं फाडत, चहा करत. घर तिथून थोडं आत, पाइनच्या रांगेमागे. तिथवर चालणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नसे, त्यामुळे घरात दीनानाथ एकटेच असत.

घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत चूल, एक लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, भिंतीशी बशांचं कपाट. मागच्या खोलीत पलंग. भूकंपात धुराडं कोसळलं तेव्हा समितीने बाहेरून नवं धुराडं बांधलं, पण आतून ते बुजवून टाकलं. म्हणजे धुराडं दिसत होतं, पण धूर जायची सोय नव्हती. सरकारी इमारतींत आयुष्य गेल्यामुळे दीनानाथांना यात काही वावगं वाटलं नाही.

दाराशी एक पाटी होती. तिची सुरुवात ‘या ओसाड माळावर’ अशी होती. माळ ओसाड नव्हता. न्गाय ताहू या इथल्या मूळ लोकांच्या वाटा आणि मासे धरायच्या जागा त्यावर पिढ्यान् पिढ्या होत्या, आणि एका खरेदीखताने अख्खा मुलूख कवडीमोलात लिहून घेतला गेला होता. दीनानाथांना खरेदीखतं कळत. पाटी बदलायला हवी, असं त्यांनी ग्लेनिसबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की समितीपुढे ठेवते, आणि दीनानाथांनी विषय संपल्याचं ओळखलं. पाटीवर पुढे होतं: मिस्टर पेंगेली आणि पत्नी यांनी हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं. मिस्टर पेंगेली दक्षिणेकडे सोन्याच्या खाणींवर गेले. पत्नी इथेच राहिली.

तिचं नाव नव्हतं. पुढे काय झालं तेही नव्हतं. पाटीवरची जागा तिथे संपत होती.

२

विभावरीला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचा दहावा सम्नरच्या किनाऱ्यावर केला. गुरुजी ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये राहणारे. पोटापाण्याला सॉफ्टवेअर तपासत आणि शनिवार-रविवारी मोबाइलच्या पडद्यावरून मंत्र सांगत. पिंड ठेवला आणि सगळे लांब उभे राहिले. कावळा येणार नव्हताच, कारण या देशात तो जवळपास नाहीच. इथे आलेल्या गोऱ्या लोकांनी घरची आठवण येते म्हणून चिमण्या आणल्या, साळुंक्या आणल्या, काटेरी साळूसारखे हेजहॉग आणले. कावळ्याची आठवण कुणाला आली नसावी. सीगल मात्र भरपूर होते आणि उत्सुकही होते. सीगल चालतो का, असं अक्षतने, म्हणजे दीनानाथांच्या मुलाने, विचारलं. गुरुजींनी क्षणभर विचार करून नको म्हणून सांगितलं.

कावळा शिवत नसेल तर घरची माणसं पुढे होऊन एकेक शब्द देतात. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय याचा अंदाज घेत, मुलीचं लग्न करू, धाकट्याला सांभाळू, असं म्हणत राहतात. बरोबर शब्द दिला की कावळा येतो. अक्षत म्हणाला, आई, बाबांना आम्ही बघू. ऋचा, त्याची बायको, तेच म्हणाली. मग दीनानाथांची पाळी. जन्मभर असल्या गोष्टींची टिंगल केलेला माणूस. काय बोलावं हे जुळवण्यात त्यांचा वेळ गेला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला सांगितला. तो गवताचा कावळा अक्षतच्या हातून पिंडाला शिवून मोकळा झाला. मंडळी अंघोळीला गेली.

दीनानाथांचा शब्द द्यायचा राहून गेला. याबद्दल ते कुणाशी बोलले नाहीत. आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे ते अधूनमधून स्वतःला सांगत.

यंदा पितृपक्षातली अविधवा नवमी बुधवारी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा हा दिवस. ऋचाने कामावर जायच्या आधी उठून खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक केला. सवाष्ण म्हणून तिची मैत्रीण कौमुदी जेवायला यायची होती. तिची इस्पितळातली ड्यूटी ऐनवेळी बदलली. ऋचा हिरमुसली, म्हणाली की ताट फ्रिजमध्ये ठेवू या, संध्याकाळी आपणच जेवू. दीनानाथांनी ते डब्यांत भरून घेतलं. माळावर मॅगपाय आहेत, म्हणाले. मॅगपाय काळा-पांढरा असतो, निदान अर्धा कावळा. ऋचा हसली नाही. तिने स्टीलचं ताटही पिशवीत घातलं.

३

घराच्या मागच्या दारासमोर एक सपाट दगड आहे. दीनानाथांनी त्यावर ताट मांडलं. विभावरी मांडायची तसंच मांडलं: वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. त्या बाबतीत ती फार काटेकोर होती. मिठाची जागा चुकली तर ती ताट परत आत नेत असे. मग ते अलीकडच्या ओंडक्यावर बसले. पुढ्यात ताट, ताटापलीकडे घराचं उघडं दार, दारात काळोख.

नॉर्थवेस्टरचं, म्हणजे वायव्येचं, गरम वारं सकाळपासून वाहत होतं. पाइनवर मॅगपायची जोडी होती. सप्टेंबरात त्यांची घरटी असतात, तेव्हा ते सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात. वरणभाताकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

दीनानाथांनी आजूबाजूला पाहिलं. मग ते घसा साफ करून म्हणाले, “औषधं वेळेवर घेईन.”

काही नाही.

“अक्षतला टाकून बोलणार नाही. तुझ्या साड्या ऋचाला देऊन टाकतो.”

पक्षी हलले नाहीत. दीनानाथांना आपलं हसू आलं, आणि हसता हसता ते थांबले. कारण खरा शब्द कोणता ते त्यांना माहीत होतं. अक्षतला ऑकलंडला, माउंट वेलिंग्टनमधल्या एका ऑफिसात मोठी जागा मिळाली होती. शाळेला सुट्टी लागली की सगळं बिऱ्हाड हलणार होतं. विभावरीच्या अस्थी इथल्या समुद्रात होत्या. या गावात तिचं दुसरं कोणी नव्हतं.

“मी कुठे जात नाही,” ते म्हणाले. “तुला एकटीला इथे टाकून मी जाणार नाही. शब्द देतो.”

वारा पडला. एकदम, कुणी दार लावावं तसा. त्या शांततेत घराच्या आत बाक फरशीवर सरकल्याचा आवाज झाला. लहानसा आवाज, बसलेलं माणूस उठताना होतो तेवढा.

तेवढ्यात शेडकडून ग्लेनिसबाईंची हाक आली. एक डच जोडपं आलं होतं आणि चहाही झाला होता. जुनं लाकूड उन्हाने आवाज करतं, असं मनाशी ठरवून दीनानाथ उठले. जोडपं चहा पिऊनच निघून गेलं. घर त्यांना बाहेरून पुरेसं वाटलं. दीनानाथ परत आले तेव्हा दगडावर ताट नव्हतं.

ते आत, कपाटात होतं. पेंगेलींच्या निळ्या फुलांच्या बशांमध्ये, स्वच्छ धुऊन, पालथं. अजून ओलं होतं.

४

त्यांना पहिल्यांदा भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर त्यांना रडू आलं. तिथेच बाकावर बसून ते रुमालात तोंड घालून रडले, आणि इतकं हलकं त्यांना दोन वर्षांत वाटलं नव्हतं. विभावरी जेवली. जेवून ताट घासून ठेवलं. तिची रीतच तशी. रात्री कितीही उशीर झाला तरी खरकटं ताट मोरीत राहू द्यायची नाही.

मग हेडक्लार्क जागा झाला. त्याने चौकशी केली. ग्लेनिसबाई म्हणाल्या की त्या हिवाळ्यापासून पाइनच्या पुढे गेलेल्या नाहीत. डच जोडपं त्यांच्या डोळ्यांसमोर गाडीत बसलं होतं. घरात नळ नव्हता. नळ होता तो शेडपाशी, आणि तिथे दीनानाथ स्वतः उभे होते. हेडक्लार्कने हे सगळं नीट लिहून घेतल्यासारखं केलं आणि कागद मनातल्या तळच्या कप्प्यात सरकवला. काही प्रकरणं निकालात न काढण्यातच शहाणपण असतं, हे त्याला नोकरीने शिकवलं होतं.

ते ताट त्यांनी घरी नेलं नाही. ऋचाला सांगितलं, विसरलो.

शनिवारी ताट टेबलावर होतं. तिथे समितीने प्रदर्शनासाठी दोन बशा कायमच्या मांडून ठेवल्या होत्या. नवरा आणि बायको, समोरासमोर. नवऱ्याच्या बाजूची बशी उचलून कपाटात ठेवलेली होती आणि तिच्या जागी स्टीलचं ताट. दीनानाथांनी सगळं पूर्ववत केलं. पुढच्या बुधवारी ताट पुन्हा टेबलावर होतं, आणि शेजारी पाण्याचा मग भरलेला. यावेळी त्यांनी हात लावला नाही.

ते बोलायला लागले. आधी झाडता झाडता, मग बाकावर टेकून. रिकार्टनच्या डेअरीवाल्याने दुधाचे दर वाढवले. स्वानंदी, म्हणजे नात, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते आणि हल्ली ‘स्वीट ॲज, आजोबा’ एवढंच म्हणून खोलीत जाते. दुपारी सगळे बाहेर, डबा मायक्रोवेव्हमध्ये फिरत असतो आणि आपण त्याच्याकडे बघत उभे असतो, रस्त्यावरची मिरवणूक बघावी तसे. हे सगळं ते सांगत, आणि मागच्या खोलीत कुणीतरी ऐकत असे. ऐकणं ऐकू येत नाही असं कोण म्हणेल. काम करता करता थांबलेल्या माणसाचा आवाज असतो. भांड्यावर भांडं लागायचं थांबतं, कापडाची सळसळ थांबते. आणि तुमचं वाक्य संपलं की पुन्हा सुरू होते.

मागच्या खोलीत ते कधी डोकावले नाहीत. झाडूसुद्धा उंबऱ्यापर्यंतच नेला. डोकावलो तर ती नसेल, एवढीच तेव्हा भीती होती.

एक गोष्ट मात्र त्यांना टोचत राहिली. विभावरी इतकी गप्प कधीच नव्हती. तिने दुधाच्या दरावर काहीतरी म्हटलंच असतं.

५

खोकी बांधायला सुरुवात झाली तेव्हा दीनानाथांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की ते येणार नाहीत. एखादी खोली भाड्याने घेऊन इथेच राहतील. बुधवार-शनिवार काम आहे, ओळखीचं गाव आहे.

अक्षतने घास खाली ठेवला. तो रागावला नाही. रागावला असता तर सोपं गेलं असतं. त्याने विचारलं की चक्कर आली तर कोण आहे, गॅस चालू राहिला तर कोण आहे. दीनानाथ म्हणाले, आहेत माणसं.

“कोण माणसं, बाबा? त्या ग्लेनिस? त्यांनाच कोणीतरी उचलायला लागतं.” मग त्याने आवाज खाली आणला. “तुम्हाला वाटतंय की आई इथे आहे म्हणून राहायचं. आई असती ना, तर तिनेच तुम्हाला हाताला धरून गाडीत बसवलं असतं.”

हे खरं होतं. विभावरीने त्यांना कधी थांबवून ठेवलंच नव्हतं. पुणं सोडून मुलाकडे यायचं म्हटल्यावर दीनानाथांनी आढेवेढे घेतले होते. बॅगा तिने भरल्या होत्या. ‘मला एकटीला टाकून जाऊ नकोस’ असं म्हणणारी बाई ती नव्हेच. मग त्या दिवशी वारा पडला तो कुणासाठी?

विषय बदलावा म्हणून ऋचा कौमुदीबद्दल बोलू लागली. तिने हीप्स ऑफ टाइम्स, म्हणजे शंभरदा, सॉरी म्हटलं होतं. पुढच्या वर्षी ऑकलंडला काही झालं तरी सवाष्ण बोलवायचीच. “नवमीचं ताट तिचंच असतं ना, बाबा. यंदा ते तसंच गेलं.”

दीनानाथांच्या हातात पोळीचा तुकडा होता. तो बराच वेळ हातातच राहिला.

नवमीचं ताट सवाष्णीचं असतं. आणि त्या दारात सवाष्ण होती. मिस्टर पेंगेली खाणींवर गेले, एवढीच नोंद होती. मेल्याची नोंद नव्हती, परत आल्याचीही नव्हती. नोंद नसेल तर ती बाई कायद्याने, धर्माने, कसल्याही हिशेबाने, त्यांची बायकोच होती. वाट बघणारी. आपण तिच्या उंबऱ्यासमोर बसून, तिच्या दाराकडे तोंड करून, पान वाढलं आणि म्हणालो, तुला एकटीला टाकून जाणार नाही.

शब्द मराठीत होते. पण हे शब्द कोणत्याही भाषेत सांगितले तरी कळतातच. तसं सांगणाऱ्याचा आवाजच वेगळा असतो.

“येतो मी तुमच्याबरोबर,” दीनानाथ म्हणाले. “जाताना फक्त त्या घराची किल्ली द्यायला थांबू.”

अक्षतने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. स्वानंदीने फोनमधून मान वर करून ‘येय’ म्हटलं. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

६

निघायच्या दिवशी सकाळ स्वच्छ होती. शेतांत कोकरं उड्या मारत होती, डोंगरांवर अजून बर्फ होतं. सामान ट्रकने पुढे गेलं होतं. गाडीत चौघं, आणि विभावरीचा फोटो ऋचाच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला. पिक्टनहून सुटणारी फेरीबोट दुसऱ्या दिवशीची होती, त्यामुळे घाई नव्हती. ग्लेनिसबाईंनी शेडच्या दारातच सगळ्यांना मिठ्या मारल्या, स्वानंदीला बिस्किटांचा डबा दिला, आणि दीनानाथांच्या जागी आता कुलूपच ठेवावं लागेल म्हणून डोळे पुसले. दीनानाथ म्हणाले की ते एकदा घर बघून येतात. अक्षत म्हणाला, सावकाश या.

पाइनखालून जाताना त्यांनी बोलायचं जुळवून ठेवलं. पुढच्या दाराचं कुलूप काढून ते आत गेले, टोपी काढून हातात घेतली, आणि मागच्या खोलीच्या दाराकडे बघत आधी मराठीत बोलले. मग सभ्यपणा म्हणून इंग्रजीतही, जन्मभर अर्जांत वापरलेल्या इंग्रजीत: सदरहू शब्द दुसऱ्या व्यक्तीस उद्देशून होता. गैरसमज झाला. त्याबद्दल दिलगीर आहे. तो परत घेण्यात येत आहे.

“माझी माणसं बाहेर थांबलीत,” ते शेवटी म्हणाले. “तुम्ही राग मानू नका.”

‘तुम्ही’ त्यांनी मुद्दाम म्हटलं. इतके दिवस ते तिला ‘तू’ म्हणत होते.

मागच्या खोलीतली कामाची चाहूल चालूच राहिली; या वेळी ती थांबली नाही. दीनानाथांना सुटल्यासारखं वाटलं. ऐकणारं कोणी नव्हतंच, उंदीर असतील, जुनं लाकूड असेल. ते वळले, आणि त्यांना वास आला. लाकडाच्या धुराचा, आणि त्याखाली गरम अन्नाचा.

टेबलावर ताट वाढलेलं होतं. त्यातून वाफ येत होती.

आपण निघून जायला हवं होतं, हे दीनानाथांना कळत होतं. पण दोन वर्षांत कुणी त्यांच्यासाठी गरम ताट वाढून ठेवलं नव्हतं. ऋचा बिचारी पहाटे उठून डबे भरायची. तिची चूक नव्हती. पण डबा वेगळा आणि ताट वेगळं. त्यांचे पाय आपोआप बाकाकडे गेले, आणि बसताना एक क्षण त्यांना पुन्हा वाटलं की ही विभावरीच आहे. आपली चूक झाली, सगळा तर्क चुकला, तिनेच निरोपाचं जेवण केलंय.

मग त्यांनी ताटाकडे पाहिलं. मध्ये मूद होती, पण भाताची नव्हे. उकडलेल्या बार्लीची, वाटी दाबून नीट उपडी केलेली, आणि वर तुपाऐवजी वितळलेली चरबी. भाजीच्या जागी कसलातरी शिजवलेला रानपाला. चटणीच्या जागी तांबड्या बोरांचा लगदा, बोटाने ओढल्यासारखा. मीठ, चिमूटभर. सगळं होतं, पण सगळं चुकीच्या जागी होतं: मीठ त्यांच्या पोटाशी, चटणी उजवीकडे, भाजी डावीकडे. विभावरीने हे ताट उंबऱ्याबाहेरही येऊ दिलं नसतं.

जन्मभराच्या सवयीने त्यांनी हात पुढे केला आणि ताट अर्धं फिरवलं. ते बरोबर झालं. मीठ वर, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. अगदी त्यांनी दगडावर मांडलं होतं तसं.

म्हणजे ते चुकलेलं नव्हतं. पलीकडून दिसलं तसं ते वाढलेलं होतं. त्या दिवशी दाराच्या आत, काळोखात उभं राहून कुणीतरी ताट नीट बघून घेतलं होतं, आणि ताटापलीकडे बसलेला म्हाताराही.

दीनानाथांनी समोर पाहायचं धाडस केलं. समोरचं बाक रिकामं होतं. पाठचा माळ खिडकीतून दिसत होता, पिवळा आणि लांबच लांब, एकही झाड नसलेला. ते बराच वेळ त्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिले. कोणी नाही. उठावं, टोपी घालावी, चालू लागावं.

दार ढकललं गेलं. दारात अक्षत होता, हातात गाडीची किल्ली. त्याने आत पाहिलं, आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली.

“अच्छा, जेवताय होय,” तो म्हणाला. “मला वाटलं, एकटेच बसलात की काय.”

मग त्याने मान किंचित वर केली. तो समोरच्या बाकाकडे बघत नव्हता. तो दीनानाथांच्या डोक्यावरून, खांद्यामागे बघत होता. उभं राहून वाढणाऱ्या बाईकडे पाहुण्याने बघावं, तसं.

“कीओरा,” अक्षत इथल्या रीतीने, अदबीने नमस्कार करत म्हणाला, आणि इंग्रजीत पुढे बोलला की तिने फार त्रास घेतला, बाबा घरी धड जेवत नाहीत, तिचे आभार मानावे तेवढे थोडे. कुणीतरी मान हलवली असावी, कारण तो हसला.

दीनानाथांना विचारायचं होतं की मागे कोण आहे. पण विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. त्यांना म्हणायचं होतं, मला इथून ने. ओठ हलले, आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“सावकाश जेवा, बाबा. आम्ही आहोत गाडीत.” परक्याच्या घरातून निघताना ओढून घेतात तसं, आवाज न करता, त्याने दार ओढून घेतलं. पावलं पाइनखालून लांब गेली.

उजव्या खांद्यावरून एक हात पुढे आला. मनगटापर्यंत जाड राखाडी बाही. बोटं रुंद, नखांत भिंतीचीच पिवळी माती, सुकून भेगाळलेली. हातात लाकडी डाव, आणि डावात वाफाळती बार्ली. मानेवर श्वास नव्हता. फक्त ओल्या मातीचा गारवा होता, सारवलेल्या जमिनीजवळ असतो तसा.

दीनानाथांनी ताटावर आडवा हात धरला.

पुरे, नको, पोट भरलं. कुठल्याही पंगतीत कुणालाही कळेल अशी खूण. डाव तिथेच थांबला. शेडकडून स्वानंदीच्या हसण्याचा आवाज आला, मग गाडीचं दार लागलं. डाव हातावर वाट बघत राहिला. घाई कसलीच नव्हती त्याला. मग तो जरासा कलला, आणि ऊन ऊन बार्ली त्यांच्या बोटांवरून, बोटांच्या फटींतून, ताटात पडू लागली. तेवढी संपली तेव्हा हात मागे गेला, आणि चुलीपाशी, भांड्याच्या तळाशी, डाव पुन्हा भरून घेतल्याचा आवाज आला.